शेवटचा आकडा

"खरं परफॉर्मन्स मॉडेल असेल तरच घ्यायची," कस्तुरीने लंडनजवळच्या वॉटफर्डहून निघतानाच नवऱ्याला बजावलं होतं. साध्या गाडीत मागाहून दांडगं इंजिन बसवून ती 'परफॉर्मन्स' म्हणून विकणारे काही कमी नव्हते, आणि जुन्या अमेरिकन गाडीपायी रघुवीर पन्नाशीत पोरासारखा हरखला होता.

गाडी अस्सल असेल तर इंजिनवरचा नंबर चॅसिसच्या, म्हणजे सांगाड्याच्या, नंबराशी जुळायला हवा. चॅसिसच्या शेवटी सात होता. कस्तुरीने इंजिनवर कागद धरून, नाण्याचा छाप घेतात तशी पेन्सिल घासली. शेवटी चार उमटला.

"नकली आहे रे."

"ग्रीस असेल गं. पुसून परत घे."

पुसून घेतला, तर पाच. तिसऱ्या कागदावर सहा.

"घरी चल," म्हणत तिने बॉनेट धाडकन लावलं. पेन्सिल आणि कोरा कागद आतच राहिला.

बॉनेटखालून सावकाश घासल्याचा आवाज येऊ लागला, आणि रघुवीरचा चेहरा उजळला.