राखून ठेवलेला नमस्कार

मुलांनो, मे महिन्याची दुपार आहे, सोंडाईचा गड चढून तुम्ही दमला आहात आणि पायांत काहीच नाही, असं समजा. माथ्यावरच्या देवीचा मान म्हणून तिथे शेवटच्या शिडीखाली सगळेच पायातलं काढून ठेवतात.

द्वारकाआजी कर्जतहून मुलगा अनुपम आणि नात श्रियाबरोबर कशाबशा तिथवर आल्या. गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी एकदा देवीला भेटायचं होतं. बूट काढून त्यांनी कातळावर पाऊल ठेवलं आणि लगेच मागे घेतलं.

"नुसता तवा झालाय," त्या म्हणाल्या. पुन्हा बूट चढवून झुडपाच्या सावलीत टेकल्या. "आता नाही गं होत. श्रिया, माझ्याही वाटचा नमस्कार करून ये."

बापलेक वर गेले. थोड्याच वेळात कुठूनसा ढग आला आणि बराच वेळ माथ्यावर बसून राहिला. ऊन गेलं, वारा सुटला. आजींनी थकल्या हातांनी पाण्याची बाटली पिशवीत टाकली. आता उतरायचंच होतं.

बापाच्या पुढे श्रिया शिडी उतरून आली.

"केलास माझा नमस्कार?"

"नाही."

"का गं? विसरलीस?"

"विसरले नाही. राखून ठेवलाय. वरचा कातळ गार झालाय, आजी."

 

आणि ती खाली बसून आजीच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.