हजारात एकदा येणारा

सुनेच्या व्हिडिओ गेममधला शिंगवाला राक्षस हजार डावांत एकदाच पुलावर येतो. त्याला हरवल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडत नाही. म्हणून आठवडाभर दवाखान्यात लोकांचे दात उपटणारी सून सुट्टीच्या दुपारी टीव्हीसमोर ठाण मांडून बसायची.

तो यायचाही, पण नेमकी ती चहा टाकायला उठली की! दिसायचा फक्त सोफ्यावर विणत बसलेल्या सासूबाईंना.

"आत्ताच येऊन गेला गं."

"मग हाक मारायची ना, आई! डोकं फिरायची वेळ आलीये माझी."

"मारणार होते, पण तो बोलत होता ना."

"अहो, या गेममध्ये कुणी बोलतच नाही. नुसतं संगीत आहे!"

वैतागून ती पुन्हा उठली, चहाचं निमित्त केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराआड दबा धरून उभी राहिली. थोड्या वेळाने संगीत थांबलं. ती धावत बाहेर आली. पूल रिकामाच.

"आता काय म्हणाला?" तिने दात-ओठ खात विचारलं.

"नेहमीचंच. ती कुठे गेली म्हणून." सासूबाईंनी सुयांवरून नजर उचलली नाही. "मीही कंटाळले. सांगून टाकलं, दाराआड उभी आहे. लगेच आत गेला की. भेटला नाही तुला?"