सहावर अडलेला काटा

"इंजिन खलास आहे, पोरी! सांगून सांगून माझं तोंड दुखलं!" बेलकासम मिस्त्रीने हातातला पाना आपटला.

नुआराचं डोकं फिरलं. चारही प्लग काढून फडक्यावर ठेवले होते. कोरडे ठणठणीत, बिस्किटाच्या रंगाचे.

"पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या, तर हे तेलाने माखले नसते का? धूर निळा नसता आला? बाबा गेले म्हणून माझ्या डोळ्यांत धूळ फेकताय, काका?"

"मग तूच बघ ना दाबमापकाचा काटा!"

ती तोच बघत होती. म्हणून तर गाडीत न बसता बॉनेटपाशी उभी होती. तिचा सईदा गावातल्या एकाही मिस्त्रीवर विश्वास नव्हता. किल्ली फिरवायला यम्मा बसली होती. "तुझ्या बापाच्या वेळी मीच बसायचे," असं म्हणत आई आपणहून आली होती.

पण काटा काही केल्या सहाच्या वर जाईना. तो दहाच्या पुढे जायला हवा होता. मिस्त्रीने प्लगच्या भोकातून चमचाभर तेलही सोडून पाहिलं. रिंगांची फट असती तर तेलाने ती भरली असती आणि काटा चढला असता. तो जागचा हलला नाही.

"म्हणजे व्हॉल्व्ह गेले," मिस्त्री म्हणाला.

"चारही सिलिंडरचे? एकाच वेळी? ठरवून मेले की काय मेले!"

रविवारी तिला दूरच्या आइन सफ्राच्या इस्पितळात रुजू व्हायचं होतं. लांबलांबच्या वस्त्यांवर फिरणारी नर्स हवी होती, तीही स्वतःची गाडी असलेली. बाबांची ही म्हातारी टॅक्सी सोडली तर तिच्याकडे काही नव्हतं. गाडी मेली तर नोकरीही मेली.

"पुन्हा एकदा!" ती ओरडली.

मिस्त्रीने दाबमापक घट्ट धरला. "खैरावहिनी, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलाय ना?"

"दाबलाय, दाबलाय!" उघड्या बॉनेटच्या पलीकडून यम्माचा आवाज आला.

इंजिन घुसमटल्यासारखं कण्हलं. काटा पुन्हा सहावर अडला.

"बस झालं!" नुआराने फडकं भिरकावलं. "तुमचा लबाड काटा तुम्हालाच लखलाभ! यम्मा, उतर खाली, दुसरीकडे जाऊ!" तिने तणतणत जाऊन गाडीचं दार ओढलं.

यम्मा सीटवर पाय वर घेऊन मांडी घालून बसली होती. चपला खाली, पॅडलच्या शेजारी, नीट जोडून ठेवल्या होत्या.

नुआरा बघतच राहिली. पॅडल दाबलं नाही तर इंजिनला पोटभर हवा मिळत नाही, मग दाब येणार कुठून? हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि यम्माला तिच्याही आधीपासून.

"यम्मा! काय केलंस हे? तुला काही कळतं का?"

"सगळं कळतं!" यम्मा तिच्याहून मोठ्याने ओरडली. "जन्मभर दाबला हा पाय! दर वेळी हा बेलकासम म्हणायचा, इंजिन ठणठणीत आहे. आणि दर वेळी तुझा बाप निघून जायचा. आता तुझ्यासाठीही मीच दाबू?"