पुडिंगमधला पुरावा

“बाई, हे इंग्रजी तुम्हाला शिकवलं कुणी?”

रेडिओवर इंग्रजी म्हणींचा कार्यक्रम चालू होता आणि खडूसचा फोन लागला होता. स्टेशनात सगळे त्याला खडूसच म्हणत. माणसाला दुसरा उद्योग नसावा. निवेदिकेने म्हण सांगायचा अवकाश, हा तिच्यावर तुटून पडलाच!

काचेपलीकडे मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता. “आज त्याने तोंड सोडलं, तर त्याचा नंबर कायमचा बंद,” असं त्याने आधीच बजावलं होतं. निवेदिकेचा चेहरा पडला होता. भांडणामुळेच तर लोक ऐकतात, एवढंच ती म्हणाली होती.

“एका हेकट माणसाने शिकवलं,” ती आता म्हणाली. “मुद्द्याचं बोला.”

“‘प्रूफ इज इन द पुडिंग’ म्हणे! पुरावा काय पुडिंगमध्ये पुरून ठेवलाय? चमच्याने उकरायचा? मूळ म्हण अशी, की पुडिंगची पारख खाण्यात. खाल्ल्याशिवाय कळत नाही.”

“मूळ मलाही ठाऊक आहे. पण आज लोक असंच तोडून म्हणतात आणि ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. भाषा लोकांची असते, साहेब. तुमच्या एकट्याची नाही.”

“लोक खड्ड्यात उडी मारतील, तुम्हीही मारा! अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालात. कुणाचं ऐकायचं म्हणून नाही!”

“पटलं नाही, तर नाही ऐकत.”

“कधीच नाही ऐकलंत!”

मॅनेजरने फोन तोडायची खूण केली. निवेदिकेने घाईघाईने नको म्हणून हात हलवला.

“आणि आवाज काय तो! घसा बसलाय तर गरम पाणी प्या. आमचे कान कशाला किटवता?”

“तुमच्या खोकल्याने माझे किटले, त्याचं काय? आधी डॉक्टरला दाखवा.”

“मला शिकवू नका!” पलीकडून फोन आपटला गेला.

गाणं लागलं तसा मॅनेजर तणतणत आत आला. “बस्स झालं. आत्ताच्या आत्ता नंबर बंद करतो.”

“नको ना. प्लीज.”

“अहो, दर आठवड्याला चारचौघांत तुमची अब्रू काढतो तो! त्याचा एवढा कसला पुळका?”

निवेदिकेने हेडफोन काढून ठेवला. तिला रडू आवरेना.

“मी लग्न केल्यापासून बाबा माझ्याशी फक्त इथेच बोलतात.”