बसंतीचा नंबर

"फोन वाजतो, पण माझ्या टेबलावर नाही," विमला म्हणाली. "खाली ऑपरेटरकडे वाजतो. ती कंपनीचं नाव सांगते आणि पलीकडचं माणूस घाबरून ठेवून देतं."

चंद्रमोहनने पेटी उघडून हत्यारं काढली. पोर्ट लुई बंदरातल्या या जहाजमालाच्या कचेरीत नवा स्विचबोर्ड त्यानेच बसवला होता. आधी विमलाच्या टेबलाला स्वतंत्र लाइन होती. आता बाहेरचा प्रत्येक फोन आधी ऑपरेटरकडे जायचा.

"हा फोन येतो कुठून, मादाम?"

"बो बासेंमध्ये बसंतीचं घर आहे. माझी बहीण. घर बंद असतं, म्हणून तिच्या नंबरवरचे फोन मी इकडे वळवून घेतलेत. माझी लाइन गेली तेव्हा कचेरीच्या मोठ्या नंबरवर घेतले."

"मग ऑपरेटरला सांगून ठेवा. बसंतीबाईंना कुणी विचारलं की तुम्हाला जोडून देईल."

"नको," ती पटकन म्हणाली. "मध्ये कुणी नको."

त्याने जास्त विचारलं नाही. गिऱ्हाइकाला आपली कारणं असतात. त्याने विमलाची जुनी लाइन शोधून काढली आणि स्विचबोर्डला वगळून थेट तिच्या टेबलाशी जोडली. मग ऑपरेटरच्या खोलीतून बो बासेंचा नंबर फिरवला. फोन पुन्हा ऑपरेटरकडेच वाजला.

"इथलं काम झालं," तो म्हणाला. "पण तिथून फोन अजून कचेरीच्या मोठ्या नंबरकडेच वळतोय. तो बदलायचा तर त्याच घरातल्या फोनवरून बदलावा लागेल. किल्ली आहे?"

किल्ली तिच्या पर्समध्येच होती.

जेवणाच्या सुट्टीत दोघं त्याच्या व्हॅनमधून बो बासेंला गेले. घरात खुर्च्यांवर चादरी टाकल्या होत्या. दाराशी बायकी चपलांचा एक जोड होता. विमला त्याला वळसा घालून आत गेली. चंद्रमोहनने फोनवरची धूळ पुसली, जुना वळवलेला नंबर रद्द केला आणि विमलाच्या टेबलाचा नंबर घातला.

"बसंतीबाई कधी परतणार?" त्याने सहज विचारलं.

विमला खिडकी बंद करत होती. ती किल्ली घेऊन दाराकडे निघाली.

कचेरीत परत येऊन ती टेबलाशी बसते न बसते तोच फोन वाजला. चंद्रमोहन तारा गुंडाळत होता.

"हॅलो?" ती म्हणाली आणि तिचा आवाजच बदलला, जरा जाडसर, हसरा झाला. "हां आये, बसंतीच बोलते. नाही गं, फोन बिघडला होता. पाय? पाय अजून दुखतो, म्हणून तर येता येत नाही... विमला? बरी आहे ती. हो, भेटते मला... सांगते तिला. सांगते गं आये, तू रागावली नाहीस म्हणून."

तिने फोन ठेवला. चंद्रमोहन तसाच उभा आहे हे तिच्या ध्यानात आलं.

"बसंती गेली," ती म्हणाली. "आये तेव्हा इस्पितळात होती, अर्धं अंग लुळं पडलेलं. डॉक्टर म्हणाला, सांगू नका, सोसायचं नाही. ते सांगायचं राहूनच गेलं."

"पण तुम्ही तुमच्या नावानं का बोलत नाही?"

"मी रोझ हिलच्या एका क्रिओल, आपल्या समाजाबाहेरच्या माणसाशी लग्न केलं. तेव्हापासून आयेनं माझं नाव टाकलंय. बसंती दर खेपेला म्हणायची, चल माझ्याबरोबर, मी समजावते तिला. मला माझा मान मोठा वाटला. मी गेले नाही." तिने डोळे पुसले. "आज आयेचा आवाज फार तुटत होता. तिकडचा फोन बघाल का? मोंतान्य ब्लांश गावात राहते, देवळामागं. माझं नाव घेऊ नका. बसंतीनं पाठवलं म्हणा."

खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं, पण नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी तो मोंतान्य ब्लांशला गेला. ऊस घराच्या कुंपणाला टेकला होता. काठीच्या आधाराने एक म्हातारी दाराशी आली. सत्यवती तिचं नाव. तिचा एक हात अजून छातीशी आखडलेला होता.

"बसंतीबाईंनी पाठवलं, आजी. फोन बघायला."

सत्यवती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. "ये बाबा," ती म्हणाली. "त्या लेकीचा जीव लई हाय माझ्यावर."

बिघाड साधा होता. तार भिंतीत शिरते तिथे पाणी झिरपून जोड गंजला होता. त्याने तो खरवडला, नवा जोड दिला, फोन कानाला लावून पाहिला. आवाज स्वच्छ होता.

"हात धू. च्या ठेवलाय," म्हातारी म्हणाली आणि त्याला आतल्या खोलीतून मोरीकडे घेऊन गेली.

आतल्या खोलीत देव्हारा होता. त्याच्या शेजारी एका बाईचा फोटो. गोल चेहरा, हसरे डोळे. फोटोला चाफ्याची ताजी माळ घातलेली होती आणि पुढे दिवा जळत होता.

चंद्रमोहनचे पाय थांबले. "हा फोटो..."

"माझी बसंती," सत्यवती म्हणाली. "इस्पितळातून घरी आले आन् शेजारणीनं सांगितलं."

"मग फोनवर तुम्ही..."

"विमलानं तिच्या सोताच्या नावानं फोन केला व्हता, दोनदा. मी आवाज ओळखला आन् ठेवून दिला. आता बसंतीच्या नावानं तरी बोलती." तिने चांगल्या हाताने दिव्याची वात सारखी केली. "तिला काय बोलू नको बाबा. मला ठावं हाय हे कळलं, तर ही लेकबी बोलायची बंद होईल."