थोरलीचा वाटा

"खोट हिच्यातच आहे," असं चारचौघांत बोलून सासूबाईंनी थोरल्या सुनेला घराबाहेर काढलं. नवऱ्याने ना स्वतःची तपासणी करून घेतली, ना आईपुढे ब्र काढला.

पुढे धाकट्या सुनेला मुलगा झाला, तेव्हा थोरली बाळाला बघायला दवाखान्यात गेली. तिला पाहताच सासूबाईंनी नातवाला उचलून पदराआड घेतलं.

"लांबूनच बघ! वांझोटीची सावली नको माझ्या वंशावर," असं फणकारून त्या बाळासकट तरातरा खोलीबाहेर गेल्या.

धाकटीने दार लोटून घेतलं आणि थोरलीचा हात घट्ट धरला.


"ताई, तुम्ही मला दिलेल्या स्त्रीबीजांतली काही अजून गोठवून ठेवलीत. सासूबाईंचा दुसरा नातूही तुमच्याच बीजाचा होऊ दे!"