अंडी पूल ओलांडतात

पुलाच्या मधोमध साखरेच्या ट्रकचा आस मोडलेला.

नाम्बोझोच्या खुराड्याला नवा पत्रा. आत एकही कोंबडी नाही. मानमोडीच्या रोगाने सगळ्या नेल्या.

इकडे वाटेत जन्मलेल्या मुलाचं नाव वांगिला ठेवतात. मुलगी असली तर नांगिला.

ऊन.

टक्. टक्.

आवाज खोक्यातून येत होता. नालियाकाने कान लावला. आतून पिल्लं कवच टोचत होती. केनिया-युगांडा सीमेवरच्या लवाखाखाच्या पुलावर छोट्या व्यापाऱ्यांचा माल जकातीतून सोडवून देणं हा तिचा धंदा. टोमॅटो, चपला, साबण, सगळं तिने सोडवलं होतं. बाळंतपण कधी केलं नव्हतं.

अंडी केनियातली, खुराडं युगांडातलं. नाम्बोझोकडे उबवायला एक खुडूक कोंबडीसुद्धा उरली नव्हती. म्हणून केनियातल्या कोंबडीवाल्याने माया दाखवली. अंडी जवळजवळ पुरती उबवूनच त्याने भुशात बांधून दिली. घरी पोचली की फुटतील. मध्ये ट्रक मोडेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. परवाना होता तो अंड्यांचा. पूल ओलांडून जिवंत पक्षी आले तर चौकीमागच्या खड्ड्यात पुरायचे, असा नियम.

“उचला!” नालियाका ओरडली. “डोक्यावर घ्या. ट्रकच्या कडेने चला.”

ट्रकमागे अडकलेल्या रांगेतल्या बायकांनी आपल्या टोपल्या खाली ठेवल्या. एकेकीच्या डोक्यावर एकेक खोकं. ट्रक आणि कठडा यांच्यामध्ये एका बाईपुरती जागा. खाली नदी.

नाम्बोझो सगळ्यात पुढे. टक्टक् आता थेट तिच्या टाळूवर.

“थांब गं माझे आई,” ती खोक्याला विनवत होती. “इथं नको. पलीकडे गेल्यावर.”

“कळा सुरू झाल्यावर कोण थांबतंय?” मागून एक.

“तू कुठे थांबलीस? भर बाजारात मोकळी झालीस!”

हसू फुटलं. खोकी डुलली.

“हसू नका गं, हसू नका! मान धरा!” असं म्हणणारी नालियाका स्वतःच हसत होती.

ट्रक मागे पडला. पूल संपला. तांबडी माती. खोकी खाली. झाकणं वर.

पहिलं कवच तिथे फुटलं. एका चकचकीत बुटाजवळ.

बूट तपासणी अधिकाऱ्याचा. त्याने कागद वाचला, मग खोक्यात पाहिलं. ओलं, कुरूप, थरथरतं काहीतरी त्याच्याकडे बघत होतं.

“कागदावर अंडी आहेत.”

“अंडीच आणलीत, साहेब,” नालियाका म्हणाली. “ ही काय, बाकीची.”

बाकीचीही तडकायला लागली होती.

“आणि हे?”

“हे इथलं. पुलावर टरफलाचा एक तुकडा सापडला, तर मला खड्ड्यात पुरा.”

नाम्बोझो गुडघ्यांवर बसली होती. तिने खोक्यावर पदरासारखं कापड धरलं होतं आणि ती खड्ड्याकडे बघत नव्हती.

“नालियाका, वकिली पुरे,” अधिकारी म्हणाला. “पलीकडून पोटात आलं, इथे येऊन जन्मलं, म्हणून इथलं होतं का कुणी?”

सगळ्या बायका त्याच्या छातीवरची पट्टी बघत राहिल्या. पट्टीवर नाव होतं. वांगिला.

झाडाखालची केळीवाली म्हातारी उठली. मुटोन्यी तिचं नाव. सगळे तिला कूखू म्हणतात, म्हणजे आजी.

“पोरा,” ती म्हणाली, “तुझी आई तुला पोटात घेऊन पलीकडूनच आली. त्या उंबराखाली बसली. कापड धरायला मी होते. गडबडीत तुझा परवाना बघायचा राहिला. दाखवतोस आता?”

ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा हसला.

“कूखू, हा सरकारी कामाचा प्रश्न आहे.”

“तूही तेव्हा असाच ओरडत होतास. सरकारी आवाजात.”

वांगिलाने टोपी काढली. परत घातली. मग वाकून त्याने पिल्लू उचललं. पिल्लाने त्याच्या तळहातावर आयुष्यातलं पहिलं काम उरकून टाकलं.

तो हाताकडे बघत राहिला.

“इथलंच आहे,” शेवटी तो म्हणाला. “चौकीला घाबरत नाही.”

शिक्का पडला. बायकांनी जिभा हलवून असा काही आनंदाचा हेल काढला, की पलीकडच्या काठावरची गुरंदेखील मान वर करून बघायला लागली.

“पहिल्याचं नाव वांगिला ठेवते,” नाम्बोझो म्हणाली.

“कोंबडी निघाली तर?”

“मग नांगिला. बिघडलं काय?”

खोकी पुन्हा डोक्यावर चढली. आता सगळी चिवचिवत होती. चढावरून बायकांची रांग गेली, आणि त्यांच्या डोक्यांवरून तो कलकलाट गेला, नव्या पत्र्याकडे.

वांगिलाची आई आली, तेव्हा इथे पूल नव्हता. ती कमरेइतक्या पाण्यातून चालत आली होती.